१६० जीबी रिकामी होती, तरी रेकॉर्डिंग तुटलं: डिस्क किती भरू द्यावी?

फोंड्याच्या बाजूला आमचं गाव, तिथे दरवर्षी जत्रेला रात्री गावकऱ्यांचं संगीत नाटक होतं आणि गेली काही वर्षं त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे असतं. दोन कॅमेरे, दोन्हींच्या केबली लॅपटॉपला आणि लॅपटॉपवरून सरळ एक्सटर्नल हार्ड डिस्कवर, अशी साधी मांडणी. दोन वर्षांपूर्वी वापरलेली डिस्क ४ टीबीची होती, तीत १६० जीबी रिकामी दिसत होती, आणि हिशेब मी दुपारीच करून ठेवलेला: दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला साधारण १२.५ एमबी, नाटक तीन तासांचं, म्हणजे १३५ जीबी लागणार, पुरतंय. पहिला अंक नीट गेला. दुसऱ्या अंकात नायिकेचं पद सुरू झालं आणि स्क्रीनवर सुटलेल्या फ्रेम मोजणारा आकडा वाढायला लागला, आधी पाच-दहा, मग शेकड्यात, डिस्क हाताला गरम लागत होती आणि आतून सारखा कुरकुर कुरकुर आवाज, रंगमंचावरच्या ऑर्गनच्या सुरातही ऐकू यावा एवढा. दुसऱ्या दिवशी ते पद बघितलं तर आवाज मध्येच तुटलेला आणि चित्र उड्या मारणारं. ज्या मुलीने ते पद म्हटलं तिने तीन महिने तालीम केली होती. तिचे वडील घरी आले आणि विचारलं, "भाई, तेवढंच कसं गेलं?" तेव्हा माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. नंतर ते शोधलं, तेच इथे सांगतोय.

फाईल तपासली तेव्हा दिसलं की तासाभराच्या एका फाईलचे साठ हजारांच्या आसपास तुकडे झालेत. जागा १६० जीबी होतीच, खोटं काही नव्हतं, पण ती सगळी डिस्कभर कणाकणाने विखुरलेली होती. त्या डिस्कवर मी वर्षानुवर्षं एडिटिंग करत होतो, लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं, आणि जत्रेच्या आठवड्यात जुन्या फाईली इथूनतिथून पुसून जागा केली. पुसलेल्या फाईलीच आधी तुकड्यांत होत्या, त्यामुळे मोकळी झालेली जागाही तुकड्यांतच मिळाली. पहिल्या अंकाला उरलेसुरले मोठे पट्टे मिळाले, दुसऱ्याच्या वाट्याला चुरा आला.

हे समजायला नाटकाचा मंडपच डोळ्यासमोर आणा. चारशे खुर्च्या, लोक येतील तसे कुठेही बसतायत, आणि सहा जणांचं कुटुंब आलंय, त्यांना शेजारी शेजारी बसायचंय. मंडप अर्धा भरलेला असेल तर कुठल्याही सलग सहा खुर्च्यांकडे बोट दाखवलं तरी त्या सहाही रिकाम्या असण्याची शक्यता ६४ मध्ये १. मंडप ८० टक्के भरला की तीच शक्यता साधारण १५,६०० मध्ये १. आणि ९० टक्के भरला की दहा लाखात १. म्हणजे ५० वरून ८० वर जाताना जेवढं बिघडतं त्याच्या मानाने ८० वरून ९० वर जाणं हा फक्त दहा टक्क्यांचा फरक, पण परत साठ-चौसष्ट पटीने बिघडतं. रिकाम्या खुर्च्या तेव्हाही चाळीस आहेत! कुटुंबाला बसायला मिळेल, पण एक इथे, दोन तिथे, आजी खांबामागे. फाईल सिस्टीम, म्हणजे कुठली फाईल डिस्कवर कुठे ठेवायची ते ठरवणारी व्यवस्था, नेमकं हेच करते, फाईल तुकडे करून बसवते.

अर्थात खऱ्या फाईल सिस्टीम येईल त्याला कुठेही बसवत नाहीत, मंडपाच्या दारात जाणता माणूस उभा करून ठेवल्यासारखं त्या आधीपासून नियोजन करतात. लिनक्सवरची ईएक्सटी४ घ्या, ती डिस्कचे १२८ एमबीचे गट पाडते आणि प्रत्येक गटाला एक हजेरीपट असतो, ४ केबीचा एकच ब्लॉक, त्यात ३२,७६८ बिट, एकेक बिट म्हणजे गटातला एकेक ४ केबीचा ब्लॉक, भरलेला की रिकामा. शिवाय ती लिहायची घाई करत नाही, थोडा वेळ डेटा मेमरीत थांबवून फाईल किती मोठी होतेय ते बघते आणि मग एकदम मोठी सलग जागा शोधते. डिस्कमध्ये मोकळं मैदान असेपर्यंत ही हुशारी उत्तम चालते, म्हणून ५० टक्के आणि ७० टक्के भरलेल्या डिस्कमध्ये तुम्हाला रोजच्या कामात फरक जाणवत नाही. मैदान संपलं की मात्र हजेरीपटामागून हजेरीपट चाळत बसायचं आणि मिळेल तो तुकडा घ्यायचा, एवढंच तिच्या हातात उरतं.

फिरणाऱ्या हार्ड डिस्कला तुकडे एवढे का लागतात त्याचा हिशेब सोपा आहे. तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा म्हणजे साडेपाच, आणि त्याआधी सुई योग्य पट्ट्यावर न्यायला दहा-बारा, असे धरा १६-१७ मिलिसेकंद एका उडीला. सेकंदाला साठ उड्या. तुकडे ६४ केबीचे असतील तर सेकंदाला साठ तुकडे म्हणजे चार एमबीसुद्धा नाही, आणि तीच डिस्क सलग लिहिताना आरामात शंभरच्या वर जाते. माझे दोन कॅमेरे साडेबारा मागत होते. त्यात दोन फाईली एकाच वेळी लिहिल्या जात होत्या, सुई ह्या फाईलकडून त्या फाईलकडे, आणि मध्ये मध्ये कुठला तुकडा कुठे ठेवला त्याची नोंद करायला तिसरीकडे. तो कुरकुर आवाज त्या उड्यांचा होता. आणखी एक गोष्ट, तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो, आतल्या बाजूला कमी, वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि डिस्क साधारणपणे बाहेरून आत भरत जाते. म्हणजे तुकडे नसते तरी भरत आलेली हार्ड डिस्क थोडी हळू होणारच, ती गोष्ट कुणाच्या हातात नाही.

हे कोडं नवीन नाही बरं का. १९८४ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या मॅक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्ससाठी जी वेगवान फाईल सिस्टीम मांडली तिच्यात त्यांनी दहा टक्के जागा मुद्दाम राखून ठेवली होती, कारण मोकळे ब्लॉक पार संपत आले की वेग निम्म्यावर येतो हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. पुढे फ्रीबीएसडीत ती राखीव जागा ८ टक्के झाली, लिनक्सच्या ईएक्सटी घराण्यात ५ टक्के. लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव आलेला असतो की नवीन डिस्क फॉरमॅट केली, अजून काही टाकलं नाही आणि डीएफ कमांड जागा कमी दाखवतेय, ती ही ५ टक्के. ती दोन कारणांसाठी असते, एक तर तुकडे कमी व्हावेत म्हणून, आणि दुसरं म्हणजे साध्या युजरने डिस्क गच्च भरली तरी रूटच्या, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य मालकाच्या, नावावर चालणाऱ्या सेवा, लॉग लिहिणं वगैरे, बंद पडू नये म्हणून.

आता ४ टीबीच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे २०० जीबी होतात, आणि ज्या डिस्कवर नुसता डेटा आहे, सिस्टीम नाही, तिथे एवढं अडवून ठेवणं मला पटत नाही. ट्यूनटूएफएस नावाच्या कमांडने मायनस एम १ दिलं की ते १ टक्क्यावर येतं, डेटाला धक्का लागत नाही, परत फॉरमॅट करावं लागत नाही. सिस्टीमच्या पार्टिशनवर मात्र ते ५ तसंच राहू द्या, कितीही मोह झाला तरी.

"माझ्याकडे एसएसडी आहे, सुई नाही, मला काय?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, डेटा फ्लॅश नावाच्या चिपवर असतो, त्यामुळे उड्यांचा त्रास तिला जवळपास नाही हे खरं. पण तिची अडचण वेगळी आहे आणि काही वेळा जास्त वाईट. एसएसडीत लिहिताना ४ ते १६ केबीच्या पानांत लिहिता येतं, पण पुसताना एकेक पान पुसता येत नाही, काही एमबींचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. परत मंडपात या: समजा नियम असा की रिकामी झालेली खुर्ची लगेच दुसऱ्याला देता येत नाही, अख्खी रांग उठवून झाडून घेतल्याशिवाय त्या रांगेत कुणी बसायचं नाही. दहा खुर्च्यांच्या रांगेत पाच जण बसलेत, तर पाच जणांना दुसरीकडे हलवायचं, रांग झाडायची, मग पाच खुर्च्या नव्या लोकांना मिळाल्या, म्हणजे पाच जणांना बसवायला दहा हालचाली, दुप्पट. रांगेत आठ जण असतील तर आठांना हलवून दोन जागा मिळाल्या, पाचपट. नऊ जण असतील तर एका नव्या माणसासाठी दहा हालचाली, दहापट. बघा, परत तोच आकार, आधी सपाट आणि मग एकदम कडा. एसएसडीचा कंट्रोलर सगळ्यात रिकामी रांग निवडतो म्हणून प्रत्यक्षात एवढं वाईट होत नाही, पण दिशा हीच. ही हलवाहलव वेगही खाते आणि आयुष्यही, कारण फ्लॅशला लिहिण्याची मर्यादा असते.

कंपन्यांना हे ठाऊक असतं म्हणून त्या स्वतःच थोडी जागा लपवून ठेवतात. आत २५६ जीबी फ्लॅश संगणकाच्या मोजणीने, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटचा एक जीबी धरून, आणि विकताना २५६ जीबी शंभर कोटीच्या मोजणीने. त्या फरकातच सातेक टक्के मोकळे राहतात. तेवढ्यावर घरचं काम निभतं, रोज भरपूर लिहिणाऱ्या सर्व्हरला ते कमी पडतं.

एसएसडीतली दुसरी गोष्ट जास्त लोकांना चावते असं मी बघितलंय, ती म्हणजे कॅश. स्वस्त एसएसडीत एका पेशीत, म्हणजे डेटा साठवणाऱ्या सगळ्यात छोट्या घरात, ३ किंवा ४ बिट भरतात, ते हळू असतं, म्हणून रिकाम्या जागेचा काही भाग ती एका पेशीत एकच बिट अशा वेगवान पद्धतीने वापरते आणि नंतर सवडीने तो डेटा दाबून बसवते. पण म्हणजे ३ बिटवाल्या डिस्कमध्ये ३०० जीबी रिकामी असेल तरी वेगवान कॅश फार तर १०० जीबीची होणार, आणि १ टीबीची ४ बिटवाली डिस्क ९० टक्के भरली असेल तर उरलेल्या १०० जीबीतून फार तर २५ जीबी. नवीन असताना ज्या डिस्कवर लग्नाचं अख्खं शूटिंग भुर्रकन कॉपी व्हायचं तीच आता वीस-पंचवीस जीबीनंतर धापा टाकते, आणि माणूस म्हणतो केबल खराब आहे.

ह्या सगळ्याला एक अट आहे, ती म्हणजे ट्रिम चालू पाहिजे. तुम्ही फाईल पुसली तरी एसएसडीला ते आपोआप कळत नाही, फाईल सिस्टीमने ट्रिम पाठवून सांगावं लागतं की ही पानं आता कामाची नाहीत, नाहीतर ती बिचारी मेलेला डेटाही इमानाने हलवत बसते. विंडोज ते करतं, लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोत आठवड्यातून एकदा आपोआप होतं, पण एसएसडी यूएसबीच्या डबीत घातलेली असेल तर काही डब्या ट्रिम पुढे जाऊच देत नाहीत. अशा डिस्कवर पडद्यावर ४० टक्के रिकामी दिसली तरी आतून ती भरलेलीच समजते.

८० टक्क्यांचा जो नियम सगळीकडे ऐकू येतो तो बराचसा झेडएफएसमुळे पसरला. ही सन कंपनीची फाईल सिस्टीम, २००५ मध्ये बाहेर आली, आणि तिच्या मार्गदर्शनात पूल, म्हणजे तिच्याकडे दिलेल्या डिस्कची मिळून जागा, ८० टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगितलेलं असायचं. तिला जागा जास्त का लागते, तर ती जुन्यावर कधी लिहीत नाही. वहीत चूक झाली की खोडायची नाही, नवीन पानावर सगळं बरोबर लिहायचं आणि अनुक्रमणिकेत पान नंबर बदलायचा, अशी पद्धत. त्यामुळे वीज गेली तरी जुनं पान शाबूत असतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको, मला ती पद्धत ह्यासाठीच आवडते. पण छोट्या बदलालाही नवीन जागा पाहिजे, पुसायलासुद्धा पाहिजे, कारण पुसल्याची नोंदही नव्या पानावरच होणार! म्हणून झेडएफएस स्वतःहून बत्तिसावा भाग, तीनेक टक्के, बाजूला ठेवते. आणि डिस्कच्या एखाद्या भागात मोकळी जागा ४ टक्क्यांच्या खाली गेली की ती "पहिली पुरेशी जागा घे" सोडून "सगळ्यात नेमकी बसणारी जागा शोध" ह्या पद्धतीवर जाते, जागा वाचते पण शोधण्यात वेळ जातो. झेडएफएसला डीफ्रॅग, म्हणजे फाईलींचे तुकडे परत जुळवून सलग करायची सोय, नाही हेही लक्षात ठेवा, एकदा चुरा झाला की झाला.

बीटीआरएफएस ही लिनक्सवरची आणखी एक फाईल सिस्टीम, तिची गंमत अजून वेगळी, तिथे डिस्क आधी खोल्यांत वाटली जाते, डेटाच्या खोल्या साधारण १ जीबीच्या, नोंदींच्या वेगळ्या, आणि सगळ्या खोल्या डेटाला देऊन झाल्या की आत कितीतरी जीबी रिकामे असूनही नोंद ठेवायला जागा नाही म्हणून "डिस्क फुल" येतं. तिथे बॅलन्स कमांड चालवून अर्ध्या रिकाम्या खोल्या एकत्र कराव्या लागतात, आणि तेही पार शेवटाला नाही, थोडी जागा हाताशी असताना.

मोबाईलचंही बहुतेक असंच. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एफटूएफएस असते, सॅमसंगने फ्लॅशसाठी बनवलेली, तीही शक्यतो पुढे पुढे नवीन जागेत लिहीत जाते आणि मागून साफसफाई करते. चवथीच्या आरत्यांचे व्हिडीओ, ग्रुपवरचे फॉरवर्ड असं करत फोन ९७ टक्क्यांवर गेला की साफसफाईला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि ऐन आरतीच्या वेळी कॅमेरा उघडायला दहा सेकंद लागतात.

मग आकडा किती? माझं मत सांगतो. डिस्कवर रोज लिहिणं-पुसणं होत असेल, सिस्टीम असेल, डेटाबेस असेल, एडिटिंग असेल, तर ८० टक्क्यांना जागं व्हायचं आणि ९० च्या आधी काहीतरी केलेलं असायचं. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असेल तर ८० ला जागं होण्याच्या जागी ८० लाच हात चालवायचा. फार मोठ्या डिस्कवर नुसती टक्केवारी फसवते, १६ टीबीच्या ५ टक्के म्हणजे ८०० जीबी, त्यात सलग जागा भरपूर असू शकते, आणि १२८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये १० टक्के म्हणजे १३ जीबीसुद्धा नाही, एक मोठा विंडोज अपडेट आला की संपलं. म्हणून मी टक्क्यांबरोबर दुसरा आकडा बघतो, रोज किती भरतंय. दिवसाला ५ जीबी भरणाऱ्या डिस्कवर ५० जीबी उरले असतील तर माझ्याकडे दहा दिवस आहेत, मग टक्के काही का असेनात. सर्व्हरवर लॉग वाढत असेल तर हे रोज बघा, आणि डीएफ मायनस आयही बघा, कारण प्रत्येक फाईलच्या नोंदीला एक आयनोड लागतो, ईएक्सटी४ साधारण दर १६ केबीला एक आयनोड धरते आणि बारीक फाईली लाखांनी झाल्या की जीबी शिल्लक असतानाही आयनोड संपतात.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मनावर घ्यावी असं मला फार वाटतं. डिस्क गच्च असताना लिहिलेल्या फाईली तुकड्यांतच राहतात, नंतर तुम्ही निम्मी डिस्क रिकामी केली तरी त्या आपोआप जुळून येत नाहीत. "भरू दे, हळू झाली की साफ करू" हे म्हणून चालत नाही, कारण हळू झाल्याचं कळेपर्यंत चुरा होऊन गेलेला असतो. डीफ्रॅगलाही काम करायला मोकळी जागा लागते, विंडोज एक्सपीच्या काळात ते १५ टक्के मागायचं. माझ्या त्या ४ टीबीच्या डिस्कवर मी डीफ्रॅग लावून बघितलं, रात्रभर चालू राहिलं आणि सकाळी जेमतेम पुढे सरकलेलं. शेवटी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं, पहिली फॉरमॅट केली आणि परत आणलं, दोन दिवस गेले, पण फाईली सलग झाल्या. एसएसडीवर डीफ्रॅगच्या वाटेला जाऊ नका, तिथे जागा मोकळी करणं आणि ट्रिम होऊ देणं एवढंच पुरतं.

आता जत्रेच्या दुपारी रेकॉर्डिंगची डिस्क मी पूर्ण कोरी करूनच मंडपात नेतो, तिच्यावर दुसरं काही ठेवतच नाही. आणि जुन्या नाटकांची जी दुसरी डिस्क घरी कपाटात आहे ती ९७ टक्के भरलेली आहे, तिला मी हात लावत नाही. तिच्यावर सगळं एकदाच, एका ओळीने लिहिलंय, आता फक्त वाचायचं. परवाच त्या मुलीच्या वडिलांना तिचं आधीच्या वर्षीचं पद हवं होतं, ते त्याच डिस्कवरून कॉपी केलं, एकदाही अडकलं नाही.